संध्याकाळी उतरणारा आकडा

४ मार्च

प्रिय भिंगरी,

फोनवर बोलता आलं असतं, पण फोन आला की आई शेजारी येऊन बसते आणि "मी अगदी बरी आहे म्हणावं" असं मलाच पढवत राहते. म्हणून लिहितो. शिवाय तू बोलायला लागलीस की मी नुसता हं हं करतो, आणि फोन ठेवल्यावर आठवतं की सांगायचं ते राहिलंच.

आई बरी नाही. या हिवाळ्यात तिची छाती दोनदा भरली. डॉक्टरीणबाई घरी आल्या, तिच्या पलंगामागच्या भिंतीला हात लावला आणि म्हणाल्या, "हिला औषध देईन, या भिंतीला काय देऊ?" त्या कोपऱ्यातली काळी बुरशी तुला आठवत असेल. मी दर वर्षी रंग मारतो, ती दर वर्षी डोकं वर काढते. आमच्या दोघांत चिवट कोण ते ठरायचं आहे. जाताना बाईंनी मला दाराबाहेर बोलावलं आणि सांगितलं की असा आणखी एक हिवाळा हिला झेपणार नाही.

तर ठरवलं आहे. पुढच्या मोकळ्या जागेत, फाटकाजवळ, नवीन घर बांधायचं. आई, मी, तुझी वहिनी. पुढचा हिवाळा यायच्या आत राहायला जायचं. आयुष्यभर लोकांची घरं बांधली, आता आईचं बांधतो. नकाशा सोबत पाठवतोय. सगळं नियमात बसतं, तरी एकदा नजर टाक. तिकडे परदेशात परक्यांच्या घरातून ऊब कुठून गळते ते शोधत फिरतेस म्हणे. जरा घरचंही बघ.

तुझा दादा

ता. क. आईनं दोन हट्ट धरले आहेत. तिच्या खोलीची खिडकी फाटकाच्या बाजूला हवी. आणि एक खोली तुझी.


१९ मार्च

तीर्थरूप दादा,

(हे तीर्थरूप आईला वाचून दाखवण्यापुरतं. खाली उतरलास की तू नुसता दादा.)

आईचं वाचलं. ती मला फोनवर दर वेळी हवापाण्याच्या गप्पा सांगते, आणि मी शहाणी त्यावर विश्वास ठेवते.

मग तुझा नकाशा पाहिला आणि कपाळाला हात लावला. कोपऱ्यात तू ठसठशीत अक्षरात लिहिलं आहेस, "नियमाप्रमाणे". दादा, नियम म्हणजे पस्तीस मार्क. त्याच्या खाली गेलं तर नापास, बस, एवढंच. तू शाळेतून पस्तीस घेऊन यायचास तेव्हा आईचा चेहरा कसा व्हायचा ते आठव, आणि तिला काठावर पास झालेलं घर द्यायचं का ते तूच ठरव.

तपासायला येणारे साहेब सळ्या मोजतात, भिंतीची जाडी मोजतात, सही करून जातात. भर थंडीत परत येऊन कुणी भिंतीला हात लावून पाहतं का? मी इथे रोज नव्याकोऱ्या घरांत जाते. कागदावर भिंतीत ऊब धरणारा थर असतो. भिंत उघडावी तर तो चुरगाळून कोंबलेला, कोपरे रिकामे, विजेच्या बटणांच्या मागून वारा येतोय. सगळी रीतसर पास झालेली घरं. आत माणसं कोट घालून बसलेली.

म्हणून माझं ऐक. भिंत दुहेरी कर आणि मधे दगडी लोकरीचा (दगड वितळवून काढलेल्या तंतूंचा) थर दे, सलग, कुठेही न तुटता, छपरापासून पायापर्यंत. काच दुहेरी. चौकट आणि भिंत यांमधली फट चिकटपट्टीनं बंद. आणि तुझा तो लाडका सज्जा! घरातलाच स्लॅब बाहेर काढून तू सज्जा करतोस, म्हणजे थंडीला आत यायला स्वतःच्या हातानं पूल बांधून देतोस. तो सज्जा घरापासून वेगळा ठेव, वेगळ्या खांबांवर.

फाटकाच्या बाजूची खिडकी मात्र नको. वारा तिकडूनच येतो. खिडकी मागे, उन्हाच्या बाजूला घे. आणि माझी खोलीही नको रे. रिकाम्या खोलीला ऊब देत बसायचं म्हणजे वायाच.

भिंगरी


११ जून

प्रिय भिंगरी,

तुझ्या पत्रानं माझ्या नाकी नऊ आणले आहेत. गवंडी मला विचारतात, साहेब, भिंतीला स्वेटर कशाला? मी म्हणतो, बहिणीला विचारा. त्यावर ते समजूतदारपणे मान डोलवतात, घरोघरी बहिणी असतातच.

सज्जा तोडला. सळ्या बांधून झाल्या होत्या, तरी तोडला. त्या रात्री हिशेब करत बसलो की आजपर्यंत बांधलेल्या घरांपैकी किती घरांना मी असे पूल बांधून दिले, आणि मग हिशेब सोडूनच दिला.

लोकरीचा थर मी स्वतः उभा राहून बसवून घेतला, डोळ्यांत तेल घालून. चौकटींचं काम सुतारकाकांनी केलं, आपल्या जुन्या घराचे दरवाजे केले होते तेच. आता त्यांना चष्म्यावर चष्मा लागतो, पण हात तसाच आहे.

आता आईचं. खिडकी मागे घ्यायची म्हटल्यावर ती जेवली नाही. मी म्हटलं, "आई, वारा येतो तिकडून." ती म्हणाली, "येऊ दे. जे यायचं ते तिकडूनच येणार." मी हात टेकले. खिडकी फाटकाकडेच ठेवली आहे, तुझ्या सगळ्या पट्ट्या आणि दुहेरी काच लावून. तुझी खोलीही बांधली. तिच्या खुंट्या आईनं स्वतः सुतारकाकांकडून तिच्या अंदाजानं लावून घेतल्या. तिच्या अंदाजात तू अजून शाळेतल्या उंचीची आहेस.

तू गेलीस त्याला किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. मोजणारी घरात आहे.

दादा


२ जुलै

दादा,

खिडकीचं ठीक. आईपुढे मी तरी कुठे कधी जिंकले.

आता एक शेवटचं यंत्र. घर इतकं बंद केलं की आतली हवा शिळी होते, म्हणून ते लागतं. छोटी पेटी असते, छताजवळ बसते. आतली हवा बाहेर जाते, बाहेरची आत येते, आणि जाणारी हवा आपली ऊब येणाऱ्या हवेला देऊन मग जाते. आईला सांग, याच्यामुळे तिला खिडकी उघडायची गरजच पडणार नाही.

घर पूर्ण झालं की चाचणी करायची. दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढायची, मग हाताची पाठ ओली करून भिंतीभिंतींवरून फिरवायची. जिथे गार लागेल तिथे फट. ही चाचणी मी स्वतः करणार. ऑक्टोबरात रजा टाकली आहे. आईला सांग, मी येते आहे. पंखा तिकडे भाड्यानं मिळतो का बघ.

भिंगरी


२६ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

तुझी रजा ऐन वेळी रद्द झाली हे आईला मी सांगितलं. ती म्हणाली, "काम असेल." मग तुझ्या खोलीत जाऊन पलंगावरची चादर काढून घडी करून ठेवली. पुढच्या वेळी तारीख पक्की झाल्याशिवाय कळवू नकोस, कृपा कर. मला त्या घड्या बघवत नाहीत.

चाचणी आम्हीच केली. पंखा लावला आणि सुतारकाका ओला हात घेऊन घरभर फिरले. एका बटणामागे आणि माळ्याच्या झाकणाला गार लागलं, तेवढं बुजवलं. बाकी काही नाही. मी बाहेरून आल्यासारखा आत आलो, दार लावलं, आणि काय सांगू, बाहेरचं सगळं बंद झालं. रस्ता नाही, कुत्री नाही, शेजाऱ्यांचा रेडिओ नाही. असं घर मी उभ्या जन्मात बांधलेलं नाही. तू समोर असतीस तर पाठ थोपटली असती, नसलीस म्हणून लिहितो.

काल राहायला आलो. आई भिंतीला गाल लावून उभी होती. "गार नाही लागत रे," म्हणाली.

तू पाठवलेली डबी तिच्या खोलीत लावली आहे. खोलीत किती ऊब आहे तो आकडा आता तुझ्याही फोनवर येतो आणि माझ्याही. मला त्यातलं काही कळत नाही, तूच बघ.

दादा


१८ नोव्हेंबर

दादा,

रागावू नकोस, पण आईच्या खोलीत गळती आहे.

दिवसभर आकडा सरळ असतो, जसा असावा तसा. रोज दिवेलागणीला तो घसरतो, चांगला घसरतो, आणि अंधार पडल्यावर हळूहळू वर येतो. रोज. बाकीच्या खोल्यांत असं नाही. म्हणजे ती फाटकाकडची खिडकीच. संध्याकाळी वारा त्या बाजूनं सुटतो आणि चौकटीतून आत शिरतो. सुतारकाकांनी पट्टी नीट लावलेली नाही, किंवा लावलीच नाही. वय झालंय त्यांचं, मी दोष देत नाही, पण चौकट उघडून बघायलाच हवी.

मी म्हटलं होतं, ही खिडकी मागे घ्या. थंडी अजून सुरूही झालेली नाही. माझा इथे जीव टांगणीला लागला आहे. दिवसभर कामात असते आणि तिकडे संध्याकाळ व्हायची वेळ झाली की फोन काढून आकडा बघते. उतरला की मला आईची छाती दिसते.

भिंगरी


३० नोव्हेंबर

भिंगरी,

सुतारकाकांसमोर मी तुझं पत्र वाचायला नको होतं. ते हत्यारं घेऊन आले आणि स्वतःच्या हातानं लावलेली चौकट स्वतःच्या हातानं उघडली. पट्टी चारही बाजूंनी होती, एक सुरकुती नव्हती. लोकर कोपऱ्यापर्यंत होती. त्यांनी पुन्हा सगळं बसवलं, चहा न घेता गेले. म्हातारा माणूस तोंडात मारल्यासारखा झाला होता.

घरात गळती नाही. डबी बिघडली असेल. नाहीतर वारा असेल. तू तिथे बसून फार बघू नकोस.

दादा


१२ डिसेंबर

दादा,

सुतारकाकांची माफी मी वेगळ्या पत्रात मागितली आहे. पण तू मला उडवून लावतो आहेस. पट्टी नीट, लोकर नीट, आणि तरी आकडा रोज त्याच वेळेला उतरतो. बिघडलेली डबी इतकी वक्तशीर नसते. मी हेच काम करते रे, ऊब आपोआप कुठे जात नाही.

काल फोनवर आई खोकली. तिनं लगेच फोन वहिनीकडे दिला, पण मी ऐकलं. त्या घरात तिला खोकला व्हायला नको होता. मी रात्रंदिवस डोकं चालवून ते घर तिच्यासाठीच केलं होतं. त्यात कुठे चुकले ते मला कळायला हवं. तुला माहीत आहे आणि तू लपवतो आहेस असं मला का वाटतंय?

भिंगरी


२३ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

हो, लपवत होतो. तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं. ते आज मोडतो, कारण परवा डॉक्टरीणबाई येऊन गेल्या आणि छातीत पुन्हा घरघर आहे म्हणाल्या.

चौकट उघडून काही सापडलं नाही तेव्हा मी एक दिवस साइटवरून लवकर घरी आलो. वहिनी कामावरून यायची होती. आईची खिडकी सताड उघडी. ती खुर्ची ओढून, शाल गुंडाळून खिडकीत बसलेली. मी ओरडलोच. म्हटलं, एवढा खटाटोप कशासाठी केला? ती म्हणाली, "ओरडू नको, ऐकू येत नाही."

"काय ऐकू येत नाही?"

"फाटकाची कडी."

तुला आठवतं का बघ. कॉलेजातून तू दिवेलागणीला यायचीस. दोन्ही हातांत पुस्तकं, म्हणून फाटक कमरेनं ढकलायचीस. कडी एकदा खांबावर आपटायची, मग उलटी पडून खणखणत राहायची. ती लावायचा तुला कायम कंटाळा. आई स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "कडी लाव गं आधी, कुत्री आत येतात."

जुन्या घरात भिंतींतून, दारांतून, छपरातून सगळं ऐकू यायचं. वारा यायचा तसा आवाजही यायचा. तिथे गार खोलीत पडून ती रोज संध्याकाळी कडी ऐकायची, आणि आपल्याला कुणाला कळलंही नाही. आता तू नि मी मिळून तिला असं घर दिलं की त्यात काहीच ऐकू येत नाही. मला म्हणाली, "घर फार छान आहे रे. पण ती आली तर मला कळणार कसं?"

मी म्हटलं, ती येणार असेल तर आधी फोन करेल. त्यावर म्हणाली, "फोन केला की तिचं यायचं रद्द होतं."

सापडली तुझी गळती. आता काय करायचं ते लिही. मी तिला शपथा घालून दमलो.

दादा

ता. क. मी रोज त्याच फाटकातून येतो. माझ्या कडीला कधी कुणी खिडकी उघडली नाही. चिडून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितो.


३० डिसेंबर

दादा,

फाटकावर घंटीचं बटण बसव. कडी हलली की आईच्या खोलीत घंटी वाजेल असं. विजेचं काम करणाऱ्याला सोबतचं चित्र दाखव, तासाभराचं काम आहे. मग तिला खिडकी बंद ठेवूनही कळेल.

याहून जास्त आज लिहिता येत नाही.

भिंगरी


८ जानेवारी

भिंगरी,

घंटी बसवली. छान वाजते. दूधवाला आला की वाजते, पोस्टमन आला की वाजते, वाऱ्यानं फाटक हललं की वाजते. आईनं दोन दिवस ऐकली आणि तिसऱ्या दिवशी खिडकी उघडली. म्हणाली, "ही कुणाचीही वाजते. तिची कडी मला ओळखू येते."

तू हुशार आहेस, तुझ्याकडे आणखी एखादं यंत्र असेल. पण मी बांधणारा माणूस आहे, मला साधं दिसतं ते सांगतो. तू यायच्या ऐवजी घर पाठवलंस. घर उत्तम आहे. ती त्यात बसून तुझी वाट बघते, एवढाच फरक पडला.

पुढचे दोन आठवडे मी दूरच्या साइटवर आहे. एका मास्तरांचं घर आहे. त्यांना पस्तीस मार्कांवर समाधान नाही, मी त्यांना बिघडवलं. सज्जा वेगळ्या खांबांवर आहे. संध्याकाळी इथे बसून मीही आता फोनवर आकडा बघतो. उतरतो. रोज उतरतो. तू तिकडून बघतेस, मी इकडून बघतो, आणि खिडकी बंद करायला तिथे कुणी नाही.

दादा


१९ जानेवारी

दादा,

हे पत्र तुझ्या नव्या घरातून लिहिते आहे, माझ्या खोलीतून. खुंट्या खरंच खाली आहेत.

कुणालाच कळवलं नव्हतं. तुझ्या पत्रानंतर रजा मागितली, नाही म्हणाले, मग मागितलीच नाही, सांगून टाकलं. तिथे परत घेतील की नाही ते ठाऊक नाही.

परवा दिवेलागणीला पोचले. दोन्ही हातांत बॅगा, म्हणून फाटक कमरेनं ढकललं. कडी आपटली आणि खणखणत राहिली. समोर खिडकी उघडी होती, शाल दिसत होती. मी तिथेच उभी राहिले. एवढ्या वर्षांत काय काय बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एक अक्षर आठवेना.

आतून आवाज आला, "कडी लाव गं आधी."

मी बॅगा खाली ठेवल्या आणि कडी लावली. जन्मात पहिल्यांदा नीट लावली असेल.

तिची छाती आज बरी आहे, बाई येऊन बघून गेल्या. सुतारकाकांकडे जाऊन आले, त्यांनी चहा पाजला आणि माझा हात ओला करून चौकटीवरून फिरवायला लावला. कुठेच गार लागलं नाही. तुझं घर मी आजवर तपासलेल्या घरांत सगळ्यात चांगलं आहे, हे लेखी घे.

मी किती दिवस आहे ते आई विचारत नाही. हिवाळा संपेपर्यंत तर नक्की, पुढचं मलाही दिसत नाही. मी परत गेले तर ती पुन्हा खिडकी उघडेल हे आम्हा दोघींना माहीत आहे. त्यावर माझ्याकडे यंत्र नाही.

तुझ्या ताज्या कलमाचं तिला विचारलं. दादाची कडी ओळखतेस का गं? ती म्हणाली, "त्याची कशाला ऐकत बसू? तो येतोच."

आता संध्याकाळ होते आहे. मघाशी ती सवयीनं उठली, खिडकीपाशी गेली, उघडायच्या मुठीवर हात ठेवला. मग मागे वळून मी खुर्चीत आहे ना ते बघितलं आणि "बाहेर गारठा असेल" म्हणून परत येऊन बसली. आज तुझ्या फोनवर आकडा उतरला नाही, तर डबी बिघडली असं समजू नकोस.

भिंगरी